दस्तीतल्या सात चामखिळी

चामखीळ कशानं होते हे आता मला पाठ आहे. अंगावर पाल पडल्यानं होत नाही, मीठ सांडल्यानं होत नाही आणि उंबऱ्यावर बसून जेवल्यानं तर मुळीच होत नाही. या तिन्ही गोष्टी लहानपणी मला मोठ्या माणसांनी अगदी शपथेवर सांगितल्या होत्या. चामखीळ होते विषाणूनं. कातडीला कुठं खरचटलं, चीर पडली, की तो आत शिरतो आणि तिथली कातडी उगाच वाढवत बसतो. माझा त्याच्यावर काही राग नाही. कुणाचं लेकरू आहे हे तो बघत नाही.

माझा राग माझ्या आईवर आहे. तो का आहे हे मी एकदाचं लिहून काढणार आहे, कारण तोंडानं सांगायला गेलं की लोक हसतात. एवढ्याशा चामखिळीपायी सख्ख्या आईशी अबोला, म्हणतात. हसा म्हणावं. ज्याचं जळतं त्याला विचारा.

मी सेलूत राहते आणि परभणीला एका कचेरीत कारकून आहे. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते. परभणी जवळ आली की डब्यातल्या आम्ही सगळ्या बाया पर्स सावरून दाराकडं सरकतो, इतकं ते अंगवळणी पडलं आहे. नवरा कापसाच्या जिनिंगवर, त्याची हंगामात घरी यायची वेळ सांगता येत नाही. मला एक लेक, आठ वर्षांची. वडील गेल्यावर आई वालूरचं घर बंद करून आमच्याकडं आली, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून लेकीचं सगळं तिच्याकडं. वेणी घालणं, शाळेतून आल्यावर जेवू घालणं, दुपारी जवळ घेऊन पडणं. मी बारा तास घराबाहेर असायचे आणि एकदाही फोन करून विचारत नव्हते की पोरगी कशी आहे. विचारायची गरजच वाटली नव्हती. आई होती ना घरी.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी लेकीची नखं काढत होते, तेव्हा तिच्या उजव्या हातावर चार चामखिळी दिसल्या. तीन बोटांच्या पेरांवर आणि एक अंगठ्याच्या नखाशेजारी. नखं कुरतडायची खोड आहे तिला. मी म्हणाले, शनिवारी रजा टाकते आणि हिला परभणीला चामडीच्या डॉक्टरांकडं नेते.

आई समोरच सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, डॉक्टर कशाला, तुझ्या बहिणीच्या कशा गेल्या ते विसरलीस का. मला खरंच आठवत नव्हतं. ताईच्या हातावर चामखिळी होत्या आणि लग्नाआधी त्या गेल्या, एवढंच माहीत होतं.

मग तिनं मला सगळं सांगितलं. तिच्या आजीकडून आलेला इलाज होता तो. जेवढ्या चामखिळी तेवढे तुरीचे दाणे घ्यायचे. एकेक दाणा एकेका चामखिळीला लावायचा. कोऱ्या दस्तीत, म्हणजे हातरुमालात, ते बांधायचे. सोबत एखादी वस्तू ठेवायची आणि ती दस्ती वाटेत टाकायची. जो आपल्या हातानं उचलील त्याच्याकडं त्या चामखिळी जातात. उचलणाऱ्याला सांगायचं मात्र नाही, सांगितलं की गुण येत नाही.

"वस्तू कशाला?" मी विचारलं.

"कोण उचलील मग नुसते दाणे? ज्यानं उचलावं वाटतं त्याच्या आवडीचं ठेवावं लागतं."

माझ्या हातात नेलकटर होतं आणि लेकीचं बोट होतं.  ताईच्या वेळेस काय ठेवलं होतंस, असं मी विचारलं. आई पाखडता पाखडता बोलून गेली.

"क्लिप. ती फुलपाखराची."

आणि मग सूप थांबलं.

त्या क्लिपची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी सातवीत होते. आम्ही वालूरला राहायचो. सेलूच्या बाजारात एका हातगाड्यावर मी ती क्लिप बघितली होती. निळं फुलपाखरू, आणि त्याचे पंख बारीक स्प्रिंगवर बसवलेले. डोकं हललं की पंख हलायचे. मी आईच्या पदराला लोंबकळले, रुसले, जीपमध्ये बसून वालूर येईपर्यंत रडले. आई म्हणाली, अभ्यास कर गुमान, क्लिपा घालून कुठं मिरवायचंय. त्या वेळेस घरात एकच विषय होता, ताईचं लग्न. ताई एकोणीसची झाली होती. दिसायला माझ्यापेक्षा कितीतरी उजवी, पण उजव्या हातावर सात चामखिळी. पाहुणे बघायला यायचे, ताई पोह्यांचा ट्रे घेऊन जायची आणि बायांची नजर तिच्या तोंडावरून हातावर उतरायची. एक स्थळ असंच परत गेलं. आईनं त्याचं खापर त्या हातावर फोडलं. मग मानवतचं स्थळ आलं. त्यांना यायला तीन-चार महिने अवकाश होता, आणि आईला घास गोड लागत नव्हता.

त्याच दिवसांत एका सकाळी मी शाळेला निघाले. आमच्या घरामागून हापशाकडं एक पायवाट जायची. त्या वाटेनं शाळेला फक्त मीच जायचे, बाकीच्या पोरी रस्त्यानं जायच्या. तिथं वाटेच्या मधोमध गुलाबी रंगाची कोरी दस्ती पडली होती. गाठ मारलेली. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कुणी नव्हतं. गाठ सोडली तर आत निळं फुलपाखरू. तेच. थोडे तुरीचे दाणेही होते, ते मी झटकून टाकले.

शाळा गेली उडत. मी पळत घरी आले. आई भाकरी थापत होती. "आई, बघ मला काय सापडलं," असं मी ओरडले होते, हे मला आजही ऐकू येतं. आईनं क्लिपकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "तुझ्या नशिबाचं हाय. ठेव." हाताचं पीठ परातीत झटकलं आणि स्वतः माझ्या केसात ती क्लिप लावून दिली. नीट बसली का म्हणून डोकं हलवायला लावलं. पंख हलले. आम्ही दोघी हसलो.

माझ्या लहानपणातला सगळ्यात भाग्याचा दिवस कोणता असं कुणी विचारलं असतं, तर मी हाच सांगितला असता. सांगितलाही आहे. लेकीला ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ती मधले शब्द मला सांगते. मागितलेली वस्तू आपोआप वाटेत सापडते, अशी ती गोष्ट. हात जोडून सांगते, एखाद्याचं घर लुटावं पण त्याची आवडती आठवण लुटू नये.

पुढं काय झालं ते सगळ्या घराला माहीत आहे. दोन-तीन महिन्यांत ताईच्या चामखिळी सुकून गळून गेल्या. मानवतकरांनी पसंती दिली. लग्न झालं. आणि लग्नाच्या फोटोत मी उजवा हात ओढणीखाली धरून उभी आहे, कारण तोवर माझ्या हातावर आल्या होत्या. आधी दोन, मग पाच, मग नऊ. सगळ्यात मोठी तर्जनीवर, पेन धरतो तिथंच.

शाळेत रोज फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्याकडं होतं. माझ्यासारखं अक्षर शाळेत कुणाचं नव्हतं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, गुरुजी स्वतः म्हणायचे. तर्जनी दुखायला लागल्यावर खडू नीट धरता येईना. ते काम दुसऱ्या पोरीकडं गेलं. पंचमीला पोरी फुगड्या खेळायच्या. फुगडीला हात हातात द्यावा लागतो. माझा हात कुणी धरीना. एक-दोघींनी धरला तो ओढणी मधे घेऊन. मी घरी येऊन न्हाणीतल्या दगडानं हात रक्त येईस्तोवर घासला. त्यानं अजून वाढल्या, हे मला आता कळतं.

मग आई मला गावातल्या एका म्हातारीकडं घेऊन गेली. खायचा चुना आणि धुण्याचा सोडा कालवून ती चामखिळीवर लावायची. जाळून काढते, म्हणायचे लोक. तिनं बाकीच्यांवर थोडं थोडं लावलं आणि तर्जनीवरची मोठी म्हणून तिच्यावर भरपूर लावलं. कातडी जळाली, मांस उघडं पडलं, बोट सुजून वांग्यासारखं झालं. पिकलं. बाकीच्या हळूहळू गेल्या, पण ते बोट आजही पूर्ण सरळ होत नाही. कचेरीत मी कॉम्प्युटरवर तर्जनी सोडून टाईप करते. नव्या आलेल्या पोरी विचारतात, मॅडम तुमची ही काय स्टाईल.

आणि त्या दिवसांत आई माझ्याशी कशी वागली म्हणून सांगू. दहा-बारा दिवस मला हातानं भरवलं. बोटावर फुंकर घालत बसायची. शेजारणींना सांगायची, माझ्या लेकराला लय तरास झाला. मला वाटायचं, मला दुखतं म्हणून आईच्या डोळ्यात पाणी येतं. त्या फुंकरीसाठी मी तिला पुढं किती गोष्टी माफ केल्या. ताईला जास्त दिलं, मला कमी दिलं, तेही कधी मनाला लावून घेतलं नाही.

तर त्या रविवारी सूप थांबलं. लेकीला मी बाहेर खेळायला पाठवलं. आईला विचारलं, ती दस्ती मीच उचलीन हे तुला माहीत होतं का. माझा आवाज शांत होता, माझं मलाच नवल वाटलं.

आई म्हणाली, तुझ्याच वाटेत ठेवली होती. खोटं नाही बोलली, एवढं तिच्या बाजूनं लिहिते.

"मीच का?"

"मग कुणाच्या वाटंत ठेवू? लोकाच्या लेकराला द्यावं का असलं? पाप लागतं, बाई."

"आणि मला दिलंस ते?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारत होते.

"तू घरचीच न्हाईस का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुष्कळ बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, आई आहे शेवटी. पण केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, हे बोलले.  तिनं सूप उचललं आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून पाखडल्याचा आवाज सुरू झाला. त्या आवाजानं माझं डोकं अजून फिरलं.

मी ताईला फोन लावला. ताई आधी हसली. अगं किती जुनं काढलंस, म्हणाली. मग माझा सूर ऐकून तिनं सांगितलं. दाणे तिनंच आपल्या हातानं लावले होते. कोण उचलणार, असं तिनं विचारलंही होतं, तर आई म्हणाली, तू नको विचारू. पण त्याच दिवशी माझ्या केसात क्लिप बघितली आणि तिला समजलं. मग मला का नाही सांगितलंस, इतक्या वर्षांत एकदाही? ताई म्हणाली, सांगून काय करणार होते, माझं लग्न ठरत होतं. म्हणजे मी ती क्लिप केसात घालून घरभर मिरवत होते आणि त्या दोघी बघत होत्या. मी फोन ठेवला.

शनिवारी लेकीला घेऊन परभणीला गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. लेकीचा हात हातात घेऊन, भिंगातून बघून त्यांनी समजावलं. हा विषाणू एकमेकांच्या हातानं पसरतो, एका टॉवेलनं पसरतो, खाजवून आणि नखं कुरतडून आपल्याच एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जातो. ब्लेडनं कापायची नाही, घरी जाळायची नाही. लहान मुलांच्या बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआपही जातात, पण नखाजवळची दुखते, म्हणून आपण काढू. मग त्यांनी एका थर्मासासारख्या भांड्यातून गार वाफ त्या चामखिळींवर सोडली. लेकीनं ओठ दाबून धरला. एकदम जात नाहीत, तीन-तीन आठवड्यांनी यावं लागेल, म्हणाल्या. मधे घरी लावायला औषध दिलं. हात कोमट पाण्यात भिजवायचा, वरची मेलेली कातडी हलकेच काढायची, आणि नेमकं चामखिळीवरच औषध लावायचं. लेकीचा टॉवेल वेगळा ठेवायचा.

निघताना त्यांचं लक्ष माझ्या बोटाकडं गेलं. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. चुना आणि सोडा, एवढंच मी म्हणाले.  मग मीच धीर करून विचारलं, बहिणीच्या हातावर होत्या, नंतर मला झाल्या, असं कसं झालं असेल. दस्तीचं नाही सांगितलं, लाज वाटली. त्यांनी विचारलं, तुम्ही दोघी एकच टॉवेल वापरायचात का. टॉवेल एक, न्हाणीतला घासायचा दगडही एक. मग तिथूनच, त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं, तर तो मोकळा झाल्यासारखा हसला. म्हणाला, बघ, म्हणजे तुझ्या आईनं काही केलंच नव्हतं, तुला त्या तशाही झाल्याच असत्या. ताईच्या आपोआप गेल्या, तुला दगडानं आल्या, संपला विषय. मी म्हणाले, कुणी विष समजून तुझ्या ताटात साखर कालवली, तर वाढणारा सुटला का? त्यावर तो पेपर वाचायला लागला. गणित त्याचं बरोबर होतं. दाण्यांनी काही झालं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण आईला तर वाटत होतं ना, की दाण्यांनी होतं. तिच्या मते तिनं मला पोह्यांच्या ट्रेवर नजरा खाणारा हात दिला होता. तो घेऊन मी नाचत तिच्यापुढं आले आणि तिनं पीठ झटकून क्लिप लावून दिली. या विषाणूवर कुठल्या डॉक्टरकडं औषध असेल तर मला सांगा.

त्या सोमवारपासून मी लेकीला शाळा सुटल्यावर शिकवणीच्या बाईंकडं ठेवायला लागले. संध्याकाळी गाडीतून उतरले की तिला तिथून घेऊनच घरी यायचं. आईला कारण सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पण शाळा सुटायच्या वेळेला ती ताट वाढून दारात बसायची, असं समोरच्या वहिनींनी मला सांगितलं. बसू दे म्हटलं. आमचं बोलणं कामापुरतं उरलं. मीठ दे, दूध तापलं, गॅस संपला. लेक विचारायची, आजीशी कट्टी आहे का तुझी. मोठ्यांची कट्टी नसते, असं मी तिला खोटंच सांगायचे. मला खरी भीती एकाच गोष्टीची होती. जिच्या भरवशावर मी लेक टाकून तासाभराच्या वाटेवर जात होते, तिच्या हिशोबात माझी लेक कुठं बसते? उद्या ताईच्या पोरीचं काही अडलं, तर घरचंच म्हणून हिच्या वाटेत ही काय ठेवील?

दोनदा डॉक्टरांकडं जाऊन आलो. चारातल्या दोन चामखिळी गेल्या, दोन राहिल्या. तिसऱ्या खेपेच्या आधीच्या रविवारी मी लेकीचा हात कोमट पाण्यात धरला होता. ती सहज म्हणाली, आजीनं काल माझ्या चामखिळीला तुरीचे दाणे लावले, गुदगुल्या झाल्या.

काल सुट्टीचा शनिवार होता, मी कपडे धुवत होते तेवढ्या वेळात. फार तर अर्धा तास.

मी पाण्याचं भांडं तसंच टाकून उठले. आता माझं हसू येईल तुम्हाला, मलाही येतं. जिला विषाणू, टॉवेल, गार वाफ, सगळं तोंडपाठ, ती बाई घरभर दस्ती शोधत फिरायला लागली. कारण मला आईचा कायदा माहीत झाला होता. लोकाच्या लेकराला ती देणार नाही. घरचंच द्यायचं. लेकीचं लेकीला देता येत नाही, जावयाला द्यायला तिचा हात धजणार नाही. मग घरचं उरलं कोण? मी माझी पर्स उलटी केली. डब्याची पिशवी झटकली. चपलांचा स्टँड पुढं ओढला. फाटकापर्यंत जाऊन आले, जिथून मी रोज स्टेशनला निघते तिथं पायानं माती उकरून बघितली. माझ्या आवडीचं काय ठेवलं असेल हिनं, हा विचार करत होते. आणि एकदम असं वाटलं, की माझ्या आवडीचं काय आहे हे जगात हिलाच माहीत आहे.

आई दारात येऊन उभी राहिली होती. माझी सगळी झडती तिनं बघितली असावी.

"तुझ्या वाटंत न्हाई ठेवली," ती म्हणाली.

मग तिनं कनवटीला हात घातला आणि कमरेच्या घोळातून एक पांढरी दस्ती काढली. माझ्या हातावर ठेवली. गाठ आधीच सोडलेली होती. आत दोन दाणे आणि एक सुपारी. सुपारी तिची आवडती. डॉक्टरांनी बंद केलेली.

सांगितलं ते असं, की काल तिनं ती दस्ती तुळशीपाशी ठेवली, घराला एक चक्कर मारून आली आणि स्वतःच उचलली.

"मह्या हाताला आता कोण बघायलंय," ती म्हणाली. "लेकराचा हात चांगला ऱ्हावा."

 मी तिच्या हाताकडं बघितलं. सुरकुतलेला, नखाखाली तुरीच्या टरफलाची धूळ. या हातावर उद्या खरंच दोन चामखिळी येणार असं तिला मनापासून वाटत होतं, आणि तिनं तो पुढं केला होता. मी तिला जवळ घेणारच होते. एक पाऊल टाकलंही होतं. आणि तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं.

मोठ्या माणसानं, जाणूनबुजून उचललेलं चालत होतं. आईनं उचललेलं चालत होतं.

"मग तेव्हा तू का नाही उचललीस?" मी विचारलं.

आई विचारात पडली. खरंच पडली, टाळायचं म्हणून नाही. वालूरचं ते घर, ती पायवाट, ती गुलाबी दस्ती, सगळं तिनं एकदा डोळ्यापुढून जाऊ दिलं असणार. मग म्हणाली,

"तवा सुचलंच न्हाई, बाई."

तिनं खोटं बोलायला हवं होतं. तेव्हा माझ्या हातात तुम्हा सगळ्यांची भाकरी होती, असं काहीही म्हणाली असती तरी मी धरून बसले असते. पण तिला सुचलंच नव्हतं. दोन लेकी समोर होत्या, एकीचा हात वाचवायचा होता, आणि दुसरीच्या हाताशिवाय तिला तिसरा हात दिसलाच नाही. नातीसाठी तो लगेच दिसला.

दाणे मी परत दस्तीत बांधले आणि तिच्या मुठीत दिले. सुपारी मात्र काढून घेतली, ती तिला चालत नाही.

सोमवारपासून लेक पुन्हा शाळा सुटली की घरी येते. आजी ताट वाढून दारातच असते. पहिल्यासारखाच आताही मी गाडीतून एकदाही फोन करत नाही. माझी लेक तिच्याजवळ सुखरूप आहे, याबद्दल मला तिळभर शंका उरली नाही. मी तिच्याजवळ सुखरूप नव्हते.